काजाच्या मशीनचा विमा

...आणि विकलं हो मला! न विचारता, न सांगता! म्हणजे मला नाही, माझ्या कर्जाला. पण तुम्हाला सांगतो, पत्र हातात आलं तेव्हा दोन्हींतला फरक मला काही कळला नाही. 'आपले खाते वसुली कंपनीस विकण्यात आले आहे.' अहो, जुनी सायकल विकताना माणूस तिच्या सीटवरून एकदा हात फिरवतो, बँकेनं तेवढंही केलं नाही! आणि मी? मी आपला गप्प.

मी काज-बटणवाला. चाळीस वर्षं लोकांच्या शर्टांना हातानं काजं केली. मग हात थरथरायला लागले, म्हणून कर्ज काढून काजाचं मशीन घेतलं. बँकेतला तो टायवाला, काय गोड बोलायचा! "काका, महिन्याला दोन हजार, बस्स! विसरून जाल कर्ज घेतलंय ते!" मी दोन हजार पक्के ध्यानात ठेवले. मग त्यानं कागद सरकवले. "इथे सही, इथे सही, आणि ही एक... हे आपलं सगळ्यांचंच असतं." आता 'सगळ्यांचं असतं' म्हणजे नक्की काय असतं, हे चौथी शिकलेल्या माणसानं टायवाल्याला विचारायचं कसं? मी आपला गप्प.

तो विमा होता हो! नोकरी गेली तर हप्ते भरणारा विमा! माझी नोकरी? मालक मीच, नोकर मीच, मला काढणार कोण, माझी बायको? त्या विम्याचे महिन्याला दोनशे वर, म्हणजे हप्ता बाविसशे. आणि मी भरत होतो दोन हजार, त्यातूनच बँक आधी विम्याचे दोनशे कापायची! एक तारीख, तीच खिडकी, तीन वर्षं, एक महिना चुकवला नाही. पावतीवर बारीक अक्षरात 'रक्कम कमी' असं यायचं म्हणे. पण माझी नजर सगळी काजांत गेली, बारीक अक्षरांसाठी उरली होती कुठे?

तीन वर्षं सरली, मला वाटलं, सुटलो. आणि आलं ते पत्र. दोनशे-दोनशेची थकबाकी, तिच्यावर दंड, दंडावर व्याज... आणि मग तो बूटवाला यायला लागला. वसुलीचा. जिन्यात बूट वाजायचे. खट... खट... खट... बेल! "काका आहेत का?" मी स्वयंपाकघराच्या दारामागे, पोट आत ओढून. बायको सांगायची, "नाहीत!" तो गेला की माझ्यावर, "खोटं बोलायला मी आणि लपायला तुम्ही! शोभतं का या वयात?" दारामागून काय उत्तर देणार? मी आपला गप्प.

हे मुलीला माहीतच नव्हतं. मुलगी कपडे शिवते, हात इतका सफाईदार की शिवण शोधावी लागते. तिला स्वतःचा गाळा घ्यायचा होता आणि कर्जाला जामीन हवा होता. म्हणाली, "बाबा, तुम्हीच राहा." गेलो. बँकेतल्या बाईंनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, चष्मा काढला. "आजोबा, तुमच्या नावापुढे थकबाकीदार आहे. चालणार नाही."

मुलगी ओरडली असती ना, तर बरं वाटलं असतं. पण तिनं रस्त्यात माझा हात धरला आणि विचारलं, "बाबा, पावत्या आहेत का?"

आहेत म्हणजे काय! छत्तीसच्या छत्तीस, बटणांच्या डब्यात! तिनं त्या फरशीवर मांडल्या, रांगत रांगत वाचल्या आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही एकदाही चुकला नाहीत. विमा चुकलाय." आणि बँकेकडे लिहिली तक्रार. आता ही नवी धास्ती! वाघाच्या कानात काडी घातली हो पोरीनं! पोस्टमन आला तरी मी दारामागे.

उत्तर आलं. विमा चुकीनं दिला, पैसे व्याजासकट परत. चेक! मी चेकला हात लावेना. बँक देते म्हणजे काहीतरी नेणारच. म्हटलं, परत पाठव. मुलगी म्हणाली, "बाबा, कर्ज बँकेकडे असतं तर तिनं यातूनच वळतं केलं असतं. पण विकलंय ना, म्हणून चेक तुम्हाला आणि येणं कंपनीचं." मग ते पैसे दिले कंपनीला. बँकेचं पाप बँकेच्याच पैशांनी फिटलं.

झालं? छे हो! देणं फिटलं, डाग तसाच! मुलीनं विचारलं, विमा नसता तर हप्ता कमी पडलाच नसता, मग बाबा थकबाकीदार कसले? बँक म्हणे, "आम्ही विकलंय, त्यांना विचारा." कंपनी म्हणे, "नोंद तुमच्या बँकेची, त्यांना विचारा." कापणारा शिवणाऱ्याकडे बोट दाखवतो, शिवणारा कापणाऱ्याकडे, आणि गिऱ्हाईक उघडं! चार महिने पोरगी भांडली. मी आपला गप्प.

शेवटी डाग पुसला. पुन्हा त्या बाईंकडे. चष्मा काढला, मी दाराकडे पाहिलं. "आजोबा, आता काहीच नाही."

"म्हणजे चांगलं ना?"

"म्हणजे काहीच नाही! ते खातंच काढून टाकलंय, तुम्ही एकदम कोरे. कोऱ्या माणसाचा जामीन कसा घेऊ? एखादी वस्तू हप्त्यावर घ्या, सहा महिने वेळेवर भरा, मग या."

ऐकलंत? कर्ज नाही म्हणून पत नाही! मुलगी म्हणाली, "थांबू सहा महिने." पंखा घेतला हप्त्यावर. दुकानदार म्हणतो, "काका, सोबत छोटासा विमा..." मुलीनं नुसतं पाहिलं त्याच्याकडे. बिचाऱ्यानं कागद खिशात घातला.

आणि काल दुपारी घरी मी एकटा. जिन्यात बूट. खट... खट... खट... बेल! "काका आहेत का?" तुम्हाला सांगतो, डोकं म्हणत होतं, अरे, तू कोणाचं काही देणं लागत नाहीस! पण पाय कुठे ऐकतात? ते केव्हाच दारामागे गेले होते. पोट आत. तीनदा बेल वाजली, मग बूट उतरून गेले.

दाराखाली चिठ्ठी होती. 'पंखा आणला होता. घरी कोणी नाही. माल गोदामात परत.' हप्ता मात्र एक तारखेपासून सुरू.

संध्याकाळी मुलगी आली, छताकडे बघून म्हणाली, "बाबा, पंखा नाही आला?"

घाम पुसला... आणि मी आपला गप्प.