रापणीचा वाटा

ऐका. पण आधीच सांगतो, साल मला नीट आठवत नाही. चांदणं होतं हे आठवतं. तेही कदाचित मीच नंतर घातलं असेल.

नोकरी संपल्यापासून आम्ही दोघं दर हिवाळ्यात इथे येतो. रोज पहाटे मी बंदरापासून टोकाच्या खडकाळ खडपापर्यंत चालायचो. त्या दिवशी चांदण्यालाच पहाट समजून निघालो. बायको, इंदू, म्हणाली, अजून कोंबडासुद्धा आरवला नाही. मी ऐकलं नाही.

किनाऱ्यावर रापण लागलेली. दहा-बारा माणसं समुद्रातल्या जाळ्याचा दोर ओढत होती. इथली रीत तुम्हाला ठाऊक आहे, दोराला ज्याचा हात लागला त्याला मासळीचा वाटा. मी नेहमीच लावायचो. बांगड्यांच्या लोभाने, खोटं कशाला बोलू? शेवटच्या माणसामागे जाऊन उभा राहिलो.

कोणी बोलेना. हाकारे नाहीत, थट्टा नाही. दोर ओला, गार. लाटांच्या तालावर आम्ही सगळे झुलत होतो. इतकं बरं वाटत होतं, पाळण्यात असल्यासारखं. घोट्याला पाणी लागलं. गोड वाटलं. मग गुडघ्याला लागलं.

आता जरा जवळ सरका. रापण ओढताना माणूस मागे मागे सरतो की नाही? आम्ही पुढे चाललो होतो.

पाहिलं, तर रांगेतल्या पहिल्या माणसांची डोकीसुद्धा दिसत नव्हती. दोर सोडायला गेलो, मुठी उघडेनात. पाणी छातीला आलं. इंदू चहा ठेवून वाट बघत असेल, एवढंच डोक्यात. पुढचा माणूस न वळता म्हणाला, "हात लावलस मां? मगे वाटो घेतल्याबिगर खंय जातंस?"

मी म्हणालो, "मला वाटा नको. मी मासे खात नाही."

मुठी सुटल्या.

खोटं होतं ते. म्हणून त्या दिवसापासून खरं करून ठेवलंय, ताटात मासा घेत नाही. तुम्ही मात्र उजाडल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. गेलातच, तर दोराला हात लावू नका.

स्वप्न असेल, असं मी स्वतःला पुष्कळ समजावलं. पण त्या सकाळी इंदूने माझ्या तळव्यातून सुईने काथ्याची कुसं काढली होती. आणि रापणीचे दोर तर नायलॉनचे. खूप वर्षांनी म्हाताऱ्या सावळाराम तांडेलांना विचारलं, इथले काथ्याचे दोर कधी बंद झाले? त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. आम्ही इथे पहिल्यांदा आलो, त्याच्या बारा वर्षं आधी.