मालाकीनं तारा चढवल्या

—बसा हो, बाक काही माझ्या बापाचं नाही. पेटी सरकवते मी. पबात आत का वाजवत नाही म्हणता? माझी खुर्ची आहे आत, रिकामीच असेल अजून—प्रश्न खुर्चीचा नाही. ही पेटी बघितलीत? आजोबांचे पाइप आहेत, आमचं आयरिश मशकवाद्य. काखेत भाता, मांडीवर नळ्या, आणि पट्टी खालची. लाकडात जो सूर कोरला तो कोरला, पिळून काही वर चढत नाही. मग फिडलवाल्यानं काय करायचं? आपल्या तारा उतरवायच्या. मालाकी उतरवायचा—मालाकी टब्रिडी, तो आत खिडकीशी बसलाय ना, लाल मफलरवाला, तो. लग्न असो, मयत असो, बंदरावरची जत्रा असो, आम्ही दोघंच. मी दारातून आत आले रे आले, की हातातला ग्लास बाजूला ठेवून तो खुंट्या सैल करायला लागायचा, विचारायचासुद्धा नाही. मी म्हणायची, "मालाकी, सारख्या वर-खाली करून तुटेल रे एखादी," तर म्हणे, "तुटू दे, असुम्पता, तुझ्या नावानं तुटली तर दुकानदाराचं तरी भलं होईल." असा चावट मेला!

आणि आज? गावच्या संगीत उत्सवाचा पहिलाच दिवस, मी भात्याचा पट्टा आवळतेय, तेवढ्यात ती डब्लिनची पोरगी आली—पोरगी कसली, चाळिशी उलटलीय—अकॉर्डियन घेऊन. त्याची पट्टी वरची, तीही कारखान्यातच ठरलेली. म्हणजे माझे पाइप वर जात नाहीत, तिचं अकॉर्डियन खाली येत नाही, आणि मधे मालाकी. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं नाही बघितलं. फिडल कानाशी धरली आणि खुंट्या पिळल्या—वर! एक शब्द नाही हो. "असुम्पता, दोन चाली हिच्याबरोबर वाजवतो, मग तुझ्याकडे येतो," एवढं म्हणाला असता ना, तर मी गुपचूप सँडविच खात बसले असते. सगळ्या पबासमोर केसानं गळा कापला माझा. वर मालक मला चहा आणून देतो—चहा! आजाऱ्याला देतात तसा.

छे, तसलं काही नव्हतं आमच्यात. काय तरीच तुमचं! त्यानं कधी विचारलं नाही, मी कधी—भावानं कॅनडाला बोलावलं होतं, तिकीटही धाडलं होतं. नाही गेले. जाणार कशी? तिथे माझ्यासाठी तारा कोण उतरवणार होतं? हे तुम्हाला कशाला सांगतेय मी... बाया अंगठीची वाट बघतात. मला वाटायचं, माणूस न सांगता रोज आपल्या सुरावर येऊन बसतो, त्यात आणखी विचारायचं काय राहिलं? वेडी बाई मी, दुसरं काय.

थांबा. ही तर आमच्या दादांची चाल. वडील हो माझे, त्यांनी बांधलेली. ती मला येते, आणि मी शिकवली म्हणून मालाकीला. बाकी कुणाला—

अकॉर्डियनवर वाजतेय. ती पोरगी पण वाजवतेय. त्या अवघड वळणावरसुद्धा अडखळली नाही. एका दुपारीत येत नाही हो ही, अख्खा हिवाळा गेला होता मालाकीला शिकवायला. म्हणजे आजचं नाही हे...

जा तुम्ही आत. चांगलं वाजवताहेत. जा म्हणते ना.