दोन हजार तीनचे बोडस मास्तर

मंडळी, ऐका! एक विचारतो, मनातल्या मनात उत्तर द्या. आपल्याहून लहान माणूस नमतं घेतो, तेव्हा आपल्याला त्याचं मन दिसतं की नुसती त्याची पायरी?

सांगलीचे मधुकर बोडस, बुद्धिबळाचे मास्तर आणि जिल्हा संघाचे कप्तान. मानांकन, म्हणजे खेळाची ताकद सांगणारा आकडा, दोन हजार तीन! संघाचा दंडक असा, की आकडा दोन हजारांखाली घसरला की कप्तानपद गेलंच. आणि त्या दिवशी समोर कोण? त्यांचीच शिष्या, ऋजुता हळबे. मानांकन अठराशे तीन.

आता हिशेब ऐका — पेटीवाले, झोपू नका! जिंकलात तर एक गुण, बरोबरी झाली तर अर्धा. पण तुम्ही दोनशेनं वरचढ असाल, तर तुमच्याकडून पाऊण गुण आधीच धरलेला असतो. मिळाला अर्धा, तर पावाची तूट! तिला नियमाप्रमाणे विसानं गुणा — गेले पाच. तोच अर्धा गुण शिष्येला पाच चढवतो, गुरूला पाच उतरवतो! म्हणजे बरोबरी झाली तरी बोडस एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. जिंकायलाच हवं!

डाव रंगला. सभागृहात पंख्यांचा तेवढा आवाज. ऋजुतानं घोडा पुढे ठेवला आणि हळूच म्हणाली, "सर, बरोबरी घेऊ या?"

घाबरली, बोडसांना वाटलं. हिचा डाव कच्चा असणार! अहो, पण पट नीट पाहिला का? नाही! डोळ्यांपुढे दोन हजार नाचत होते. "नाही. खेळ," म्हणाले, आणि हत्ती रेटला.

ऋजुतानं एकदा सरांकडे पाहिलं. मग तिनं वजीर उचलून ठेवला. मात! तो घोडा बसला तेव्हाच मात ठरली होती — बोडसांना ती आत्ता दिसली. पाच वाचवायला गेले, पंधरा घालवून बसले!

त्यांनी विचारलं, तुला दिसत होतं, तरी बरोबरी का मागितलीस? ती खाली बघून म्हणाली, "तुम्हीच शिकवलेली चाल, सर. तिनं तुम्हाला हरवायचं माझ्या जिवावर आलं होतं."

कप्तानपद गेलं, त्यावर बोडस रडले नाहीत हो. या एका वाक्यावर रडले.

मंडळी, तो आकडा एवढंच सांगतो, की तुमच्याकडून किती धरलंय. समोरच्याची माया त्यात कुठं मोजली जाते? आता आठवा. परवा घरात भांडण पेटलं होतं, आणि कुणीतरी मध्येच गप्प झालं. धाकटा भाऊ असेल, सून असेल. तुम्ही मिशीला पीळ दिलात — हरला! जिंकत असलेला माणूस तुमच्यासाठी थांबला होता. त्याला अजून विचारलंत का तुम्ही?