पट्ट्याचा दिवा

आजी : …तर नाटक सुटल्यावर मामा जे बाहेर धावले, ते गल्लीच्या कोपऱ्यावर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आणि उभे राहिले ते राहिलेच! समोरच्या दुकानातल्या चपला वाहून गेल्या. लोक खिडक्या उघडून आभाळाकडे बघायला लागले, की ढग नाहीत आणि हे आलं कुठून…

आजोबा : अगं, पाण्याची गोष्ट नको. आत्ता तरी नको.

आजी : बरं, वाळवंटातली सांगू?

आजोबा : काहीच नको सांगूस. आणि तुझे मामा जन्मात कधी नाटकाला गेले नव्हते.

आजी : अहो, तुमचं मन रमवतेय. केव्हापासून हे विमान मुंगीच्या पावलानं सरकतंय. चार पावलं पुढे, की ब्रेक. बाहेर बघा, नुसत्या शेपट्याच शेपट्या उभ्या आहेत रांगेत.

आजोबा : मन रमलंय गं. बाकीचं शरीर ऐकत नाहीये.

आजी : फार लागलीय?

आजोबा : हळू बोल!

आजी : त्यात लाजायचं काय? डॉक्टरांनी बजावलंय ना, प्रोस्टेटचा त्रास आहे, धरून ठेवायचं नाही म्हणून. उठा, जाऊन या.

आजोबा : पट्ट्याचा दिवा लागलाय. मघाशी तो टायवाला उठला, तर त्या मुलीनं त्याला उभ्या उभ्या बसवलं. सगळं विमान बघत होतं. मला नाही तसं करून घ्यायचं.

आजी : मग मी विचारते तिला.

आजोबा : नको गं, उगाच…

आजी : बटण दाबलंसुद्धा.

हवाई सुंदरी : बोला आजी, काय हवंय?

आजी : मला काही नको गं बाळ. ह्यांना जरा मागे जाऊन यायचंय.

हवाई सुंदरी : सॉरी आजी, आत्ता नाही जाता येणार. विमान टेक-ऑफच्या रांगेत आहे. कुणी उभं राहिलं तर मला कॅप्टनना कळवावं लागतं, आणि त्यांना विमान थांबवावं लागतं. आपण थांबलो की आपला नंबर जातो. परत सगळ्यांच्या मागे.

आजी : एवढं अवाढव्य धूड, आणि एका म्हाताऱ्याच्या चार पावलांनी त्याचा नंबर जातो? ते बघ दार, इथून दिसतंय. आम्ही तर तिथेच बसलो होतो, अगदी दाराला लागून. ह्यांनीच त्या तान्ह्या बाळाच्या आईला जागा दिली. दानशूर कर्ण!

आजोबा : जाऊ दे गं. थांबतो मी.

हवाई सुंदरी : काका, थोडा वेळ फक्त. वर गेलो की दिवा विझेल, पहिला नंबर तुमचा.

आजी : हे मघापासून तीनदा ऐकलं. "थोडा वेळ." तुझा थोडा वेळ आणि आमच्या वयाचा थोडा वेळ एक नसतो गं पोरी.

हवाई सुंदरी : आजी, माझ्या हातात असतं तर… मागे एकदा दिलं होतं मी जाऊ. तुमच्याच वयाच्या बाई होत्या, अशाच गयावया करत होत्या. तेवढ्यात ब्रेक लागला आणि त्या पडल्या. मनगट मोडलं. माझी चौकशी अजून चाललीय. मला खरंच नाही सोडता येणार.

आजी : गेली बघा. पाठ फिरवून गेली.

आजोबा : तिची काय चूक? चूक त्या चहाची. सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता मी, आजचा प्रवास नीट व्हावा म्हणून. तू विमानतळावर मोठा कप हातात ठेवलास.

आजी : तोंड सुकलं होतं तुमचं! रात्रभर डोळा नाही, पोटात अन्न नाही. चहा दिला म्हणजे विष दिलं की काय मी?

आजोबा : तसं नाही म्हटलं.

आजी : भाचीचा पुन्हा फोन आला होता का?

आजोबा : विमानात चढताना आला होता. म्हणाली, मामा, आज या म्हणजे आजच या. डॉक्टर उद्याचं काही बोलत नाहीयेत.

आजी : आणि अक्का?

आजोबा : जाग आली की विचारते, "आला का?" मग पुन्हा डोळे मिटते. तिनं ती लाल शाल खिडकीच्या गजांना बांधायला लावलीय.

आजी : अगं बाई! ती शाल? अजून?

आजोबा : अजून म्हणजे काय? तूच सांगितलंस ना तिला त्या वर्षी, "वन्सं, विमानातून तुमची गच्ची दिसली, लाल शाल पांघरून पापड… काहीतरी वाळत घालत होतात." तेव्हापासून घरावरून विमान गेलं की ती शाल हलवते. कुणाचंही असो. शेजारी हसतात तिला.

आजी : मला काय ठाऊक, त्या इतकं मनावर घेतील! मी आपली एक थाप मारली. ढगात होतो आपण तेव्हा, कसली गच्ची नि कसलं काय.

आजोबा : तुझ्या सगळ्या थापा खऱ्या मानणारं जगात एकच माणूस आहे. आईच्या माघारी तिनं मला वाढवलं, न्हाऊ-माखू घातलं. आणि आज मी तिच्याकडे निघालोय, तर माझं सगळं लक्ष कुठे आहे बघ. अक्काचा चेहरा आठवायचा म्हटलं तरी आठवत नाहीये. फक्त ते दार दिसतंय.

आजी : अहो, घाम आलाय तुम्हाला. केवढा घाम! हात बघू. थंडगार पडलाय.

आजोबा : दुखतंय गं आता. ओटीपोटात कळ येतेय. हलू नकोस, बोलू नकोस.

आजी : थांबा. मी बघते काय ते.

आजोबा : काय करतेयस? पुन्हा ते बटण… अगं!

आजी : बाळ! ए बाळ, लवकर ये! ह्यांच्या छातीत दुखतंय!

हवाई सुंदरी : काका? काका, माझ्याकडे बघा. छातीत दुखतंय? डाव्या हातात कळ येतेय का?

आजोबा : मला… मला फक्त…

आजी : बघ, बोलवतसुद्धा नाहीये! घाम बघ केवढा! ह्यांच्या वडिलांचं असंच झालं होतं, असेच बसल्या जागी, हातात वाटी, आणि वाटी हातातच राहिली…

हवाई सुंदरी : काका, सगळ्यांसमोर बोलायला संकोचू नका. त्रास होतोय ना?

आजोबा : हो… होतोय. जरा त्रास होतोय.

हवाई सुंदरी : पट्टा सैल करा आजी. कॉलरचं बटण काढा. मी कॅप्टनना सांगून आलेच.

आजोबा : अगं, काय बोललीस हे?

आजी : आता उघडतील दार. तुम्ही जाऊन या, मी सांगते ढेकर आली नि बरं वाटलं. काय बिघडतंय?

(विमान थांबतं. मग रांगेतून हळूहळू बाहेर वळतं.)

आजोबा : हे कुठे चाललंय?

आजी : वळतंय की हो. मागे का जातंय?

हवाई सुंदरी : आपण परत स्टँडवर चाललोय काका. डॉक्टर आणि ॲम्ब्युलन्स येतेय. घाबरू नका.

आजी : परत? अगं नको, परत कशाला! बरं वाटतंय ह्यांना!

हवाई सुंदरी : विमान उभं राहू दे. बसून राहा.

आजोबा : पोरी, उभं राहिलं की मला आधी तिथे… त्या दाराकडे…

हवाई सुंदरी : हो काका. मी स्वतः धरून नेते.

(विमान उभं राहतं. आजोबा मागे जाऊन परत येतात.)

आजी : या, बसा. बरं वाटलं?

आजोबा : वाटलं. म्हणूनच जास्त वाईट वाटतंय.

आजी : मागे रांग बघितलीत? अर्धं विमान उठून उभं राहिलंय. तो टायवाला मला हात जोडून गेला. म्हणाला, आजी, देवासारख्या धावलात. सगळ्यांना लागली होती हो, तोंड फक्त आपणच उघडलं.

आजोबा : तेही खरं सांगायला नाही उघडलं.

हवाई सुंदरी : काका, डॉक्टर शिडीपर्यंत आलेत. तुमची बॅग कुठली?

आजी : बॅग कशाला? बाळ, इकडे ये. कान इकडे कर. मी खोटं बोलले. छातीचं काही नव्हतं. ह्यांना फक्त लघवीला जायचं होतं. झाली. आता हे घोड्यासारखे ठणठणीत आहेत. निघू या आपण.

हवाई सुंदरी : आजी…

आजी : शपथ घेऊ का? खोटं तुला एका दमात पटलं, खरं का पटत नाहीये?

हवाई सुंदरी : पटतंय आजी. मला पटून उपयोग नाही. एकदा "छातीत दुखतंय" म्हणून कॅप्टनना कळवलं की ते परत घेता येत नाही. तुम्हाला उतरून तपासून घ्यावंच लागेल. विमान तुमच्यासाठी नाही थांबणार.

आजोबा : पुढचं कधी आहे?

हवाई सुंदरी : उद्या दुपारी.

आजी : उद्या! अगं, उद्याला काय करायचंय? वन्सं आज… ह्यांची बहीण तिकडे… तुझ्या कॅप्टनला बोलाव. मी त्यांच्या पाया पडते.

हवाई सुंदरी : त्यांनीही ऐकलं तरी नाही करता येणार आजी.

आजोबा : पोरी, एक सांग. आपल्यापुढे किती विमानं होती?

हवाई सुंदरी : नका विचारू काका.

आजोबा : सांग.

हवाई सुंदरी : एकच. ते उडालं असतं की आपण. मीच मघाशी तुम्हाला पहिल्यांदा सोडायला हवं होतं. तेव्हा आपण उभेच होतो, बराच वेळ. चौकशीच्या भीतीनं नाही सोडलं.

आजोबा : नाही गं. मी तोंडानं सांगायला हवं होतं. एवढा मोठा माणूस, आणि लघवी म्हणायला लाजलो.

आजी : आणि मी? जन्मभर थापा मारल्या, वन्सं सोडल्या तर कुणी एकसुद्धा खरी मानली नाही. आजचीच कशी मानली हो?

आजोबा : फोन वाजतोय. पर्समध्ये.

आजी : तुम्हीच घ्या. मला नाही धीर होत.

आजोबा : हॅलो. हां, बोल गं… जागी आहे? बोलते म्हणतेय? अगं, ऐक, आम्ही अजून… नको, थांब, तिच्या कानाला लावू नकोस… अक्का? हो, मीच. मीच बोलतोय… आला का म्हणून विचारतेय गं. काय सांगू?

आजी : इकडे द्या. मी सांगते काहीतरी.

आजोबा : नको. तू राहू दे… अक्का, ऐकू येतंय ना? आलोय गं. हा काय, विमानातच आहे. तुझ्या घरावरच आलोय… हो, घुर्र आवाज येतोय ना, तोच… दिसतेय की! न दिसायला काय झालं? लाल शाल दिसतेय, खिडकीच्या गजांना बांधलेली. वाऱ्यावर उडतेय नुसती. सगळं विमान विचारतंय, कुणाचं घर हे… हो अक्का. मीही हात हलवतोय. बघ, हा हलवतोय.

हवाई सुंदरी : काका, डॉक्टर दारात…

आजी : थांब गं जरा. फोन माझ्या तोंडाजवळ धरा… वन्सं, मी बोलतेय. खरंच हलवताहेत हो हात. देवाशपथ.