टॅबमधली शीळ आणि मी आपली गप्प

...आणि वर मलाच म्हणतात, "तू मध्ये बोललीस!" मी? मी मध्ये बोलले? अहो, तुम्हाला सांगते, लग्न होऊन या घरात पाऊल टाकलं तेव्हापासून आमच्या दोघांच्या मध्ये कोण असेल तर तो सिंथेसायझर! मध्ये तो, मग मी मध्ये येणार कुठून? जागा नको? पण मी काही बोलले का? मी आपली गप्प.

आमचे हे ऑर्केस्ट्रात वाजवतात. म्हणजे पुढे गाणारी बाई, झगमगीत साडी, टाळ्या सगळ्या तिला, आणि मागे कोपऱ्यातल्या खुर्चीवर डोळे मिटून, तोंड उघडं टाकून जो माणूस वाजवत असतो ना, तो आमचा. आणि ते वाद्य... वाद्य कसलं, धूड! पलंगाएवढं! बाहेरच्या खोलीत ठाण मांडून बसलेलं. पाहुणे आले तर पाहुणे कुठे? स्टुलावर. आणि सिंथेसायझर? पंख्याखाली! त्याला धूळ सोसत नाही, त्याला दमट हवा सोसत नाही, त्याच्यावर कपडे वाळत घातलेले तर मुळीच सोसत नाहीत. मी माझी चांगली चादर फाडून त्याला अभ्रा शिवला, तर म्हणाले, "गळ्याशी जरा घट्ट होतोय गं." गळ्याशी! लेक तापानं फणफणली होती तेव्हा "औषध दे आणि झोपव" म्हणून मोकळे झाले, आणि ह्याचं एक बटण अडकलं तर माणसाच्या घशाखाली घास उतरेना! बोलले का मी? मी आपली गप्प.

बरं, एवढं काय होतं त्यात, तर शीळ. म्हणजे आवाज हो, शिळेचा. आता तुमच्यापासून काय लपवायचं... लग्नाआधी हे आमच्या खिडकीखाली यायचे आणि शीळ घालायचे. अशी वर चढत जायची आणि टोकाला जाऊन लटकायची. माझे वडील म्हणायचे, "हा कोणता पक्षी गं?" मी म्हणायची, "काय माहीत बाबा, असेल कुठला." तर लग्नानंतर ह्या पक्ष्यानं तीच शीळ, बटणं पिळून पिळून, त्या मशीनमध्ये बसवली. ऑर्केस्ट्राचं शेवटचं दुःखी गाणं त्या शिळेवरच सुरू होतं. आता ह्यांचे पुढचे दात गेले, कवळी आली, तोंडानं शीळ घालायला गेले तर नुसती हवा येते. जी काही शीळ उरली होती ती त्या धुडाच्या पोटात. आणि त्या धुडाच्या आतला सेल आलेला मरायला! मेकॅनिक म्हणाला, "काका, सेल संपला की आतलं सगळं पुसलं जाणार. बदलायला गेलो तरी पुसलंच जाणार."

आणि नेमके त्याच सुमाराला ऑर्केस्ट्राचे मालक घरी आले. मालक बोलायला अगदी लोणी! "दादा, तुम्हाला आम्ही घरचेच समजतो..." घरचे समजतो म्हटलं ना, की ओळखावं, माणूस दाराबाहेर काढायचा बेत आहे. "गाडीत तुमचं ते मशीन चढवायला चार माणसं लागतात दादा, आता जग टॅबवर गेलं. आमच्या जावयालाच बघा ना! एवढासा टॅब, त्याला जोडायची एवढीशी पट्ट्यांची फळी, काखेत मारली की निघाला! पुढच्या कार्यक्रमाला टॅबवर येत असाल तर खुर्ची तुमचीच. नसेल जमत तर... जावई आहेच म्हणा." चहा पिऊन गेले. माझाच चहा! हे त्या मशीनवर हात ठेवून बसून राहिले. त्यांचा तो चेहरा काही मला बघवेना हो. मशीन जाईना का खड्ड्यात, पण त्या खुर्चीवर दुसरं कुणी? खुर्ची गेली तर ह्या माणसानं डोळे मिटून बसायचं कुठे?

मग लेकीनं टॅब आणला. लेक आमची कंप्युटरवालीच, तिला वाटलं बापाला पंधरा मिनिटांत शिकवू. शिकवा! "बाबा, दाबू नका, नुसतं टेकवा." हे आपले अंगठ्यानं असे दाबतायत जसं काही काचेतून पाणी काढायचंय. "बाबा, तो तुमचा चेहरा बघून उघडतो." उघडतो, पण कुठला चेहरा? ह्यांना वाजवायचं म्हटलं की डोळे मिटतात आणि तोंड उघडतं, आणि टॅब म्हणतो, हा माणूस आपल्या ओळखीचा नाही! बंद! हे चिडले. "वाद्य कधी झोपतं का? मी वाजवायला बसलो की ह्याला झोप येते!" मनात म्हटलं, मलाही येते, पण मी कधी बोलून दाखवलं का?

आणि त्या अ‍ॅपमध्ये हजार पियानो! हजार! हे म्हणाले, "मला हात दोन, हजार पियानो घेऊन करू काय?" शीळ शोधली तर शिळा पण ढिगानं. रेल्वेची शिटी आहे, पंचाची शिटी आहे, कुकरची सुद्धा आहे. ती माझ्याकडे खरीखुरी आहे, ती कशाला विकत घ्यायची? पण ह्यांची शीळ? नाही. कुठून असणार? ती आमच्या खिडकीखालची.

तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, तुमच्या मशीनचा आवाजच टॅबमध्ये उतरवून घेऊ. प्रत्येक सूर घ्यायला नको, मधले मधले घ्या. एक सूर दिला की अ‍ॅप तोच ओढून ताणून शेजारच्या पट्ट्यांवर बसवतं. ही तार घ्या, ह्यात लावा, झालं." झालं? आमच्याकडे? हे म्हणाले, "तारेतून नको. तारेत जीव नसतो. आवाज हवेतून यायला पाहिजे." लेकीनं कपाळाला हात लावला आणि ऑफिसला गेली. ह्यांनी मशीनचा मोठा स्पीकर लावला, त्याच्या पुढ्यात स्टुलावर टॅब ठेवला, पाटावर मूल बसवावं तसा, आणि घरात जाहीर केलं, "आवाज नको!"

आवाज नको म्हणजे काय, ते तुम्हाला सांगते. पंखा बंद. फ्रिज बंद. खिडक्या बंद. घड्याळ काढून उशीखाली. आणि मी? स्वयंपाकघरात, दार लावून. "भांडं हलवू नकोस. नळ सोडू नकोस. शिंक आली तर आधी सांग." आधी सांग! म्हणजे बोलू का नको? घामाच्या धारा, समोर ताटं वाढलेली, आणि बाहेर ह्यांचं चाललंय... एक सूर दाबायचा, तो विरेपर्यंत डोळे मिटून बसायचं, मग पुढचा. जेवण गार, पुन्हा गरम, पुन्हा गार. फ्रिजमधलं दूध नासायला टेकलं. मी गप्प. पोटात कावळे ओरडतायत, त्यांना म्हटलं, अरे हळू ओरडा, रेकॉर्डिंग चाललंय! आणि शेवटी, माणूसच आहे हो मी, काही दगड नाही, दार उघडलं आणि म्हटलं... म्हटलं काय, ओरडलेच, "अहो, पुरे करा आता! जेवायला चला, सगळं गार झालंय!"

नेमका त्याच क्षणी वरचा सा चालू होता. हे किंचाळले, "मध्ये बोललीस!" आणि लगेच ते पुसायला गेले. टॅबवर दोन चौकोन आले, एक लाल, एक हिरवा. आता ह्यांच्या जुन्या मशीनवर पुसायचं बटण हिरवं. जन्मभर हिरवं दाबून पुसलेलं, बोटाला दुसरं माहीतच नाही! दाबलं हिरवं. टॅबनं छान टुंग केलं. हे म्हणाले, "गेलं. आता अ‍ॅप शेजारचा सूर ताणून भरेल." आणि हात धुवून पानावर बसले.

तुम्ही म्हणाल, मग वाजवून नाही का बघितलं? बघितलं की, सगळं बघितलं, तालीम सुद्धा झाली! मालक खूश, गाणारी बाई खूश, जावयाचं तोंड एवढंसं! पण वरचा सा नाही वाजवला. का? तर ह्यांचा नियम. "वरचा सा तालमीत खर्चायचा नसतो, तो कार्यक्रमासाठी राखून ठेवायचा." राखून ठेवला हो! मुरवून ठेवला!

कार्यक्रम एका कंपनीचा, वर्धापनदिनाचा. साहेबांची भाषणं अशी लांबली की लोकांच्या माना खाली, आणि मागच्या बाजूला जेवणाची टेबलं मांडलेली, झाकणांमधून वास येतोय. मी दुसऱ्या रांगेत, चांगली साडी नेसून. शेवटचं गाणं आलं. दिवे मंद. शीळ सुरू झाली... आणि खरं सांगते, काटा आला अंगावर. तीच! खिडकीखालची! टॅबमधून! हे कोपऱ्यात डोळे मिटून, तोंड उघडं. बाई गायला लागली, तू निघून गेलास, आता मी कुणाची वाट बघू, कुणासाठी जागू... शीळ वर चढतेय, चढतेय, टोकाला आली, ह्यांनी मान मागे टाकली, वरचा सा दाबला, आणि सगळ्या हॉलभर, भिंतींवर आपटत, इको सकट,

"अहो, पुरे करा आता! जेवायला चला, सगळं गार झालंय!"

माझा आवाज! मी इथे दुसऱ्या रांगेत तोंडावर पदर धरून, आणि मी तिथे स्पीकरमध्ये! ह्यांनी घाबरून शेजारची पट्टी दाबली, तर अ‍ॅपनं मलाच ओढून ताणून तिथेही बसवलेलं! उंदरासारखी चिरकी, "जेवायला चला!" खालची दाबली, तर कोणी रेड्याएवढा बाप्या घोगऱ्या आवाजात, "सगळं गाऽऽर झालंय!" आख्खं खानदान हाका मारतंय! त्यात पाय सूर लांबवायच्या पेडलवर, तो काढायचं भान नाही, म्हणून "चला... चला... चला..."

आणि लोक चालले हो! खरंच उठले! पहिले साहेब उठले! टाळ्या वाजवत, हसत, सगळा हॉल जेवणाच्या टेबलांकडे. गाणारी बाई माईक धरून उभी, कुणाची वाट बघू विचारत, आणि वाट बघायला समोर कुणी नाही, फक्त मी. मी तरी कशी उठणार?

मालक विंगेतून आले ते लालबुंद. "दादा! हे काय? तुम्हाला आम्ही घरचे समजत होतो!" जावयानं तर त्या खुर्चीच्या पाठीवर हात सुद्धा ठेवला. ह्यांचे हात पट्ट्यांवर तसेच, डोळे पहिल्यांदा सताड उघडे. मला वाटलं संपलं. माझ्यामुळे संपलं! जन्मात एकदा तोंड उघडलं आणि नवऱ्याची खुर्ची खाल्ली. तेवढ्यात साहेब, हातात भरलेलं ताट, तोंडात घास, "वा! वा! काय शेवट केलात! माझ्या कार्यक्रमात 'पुरे करा' म्हणायची इतकी वर्षं कुणाची हिंमत झाली नव्हती! पुढच्या वर्षी ह्या बाई पाहिजेतच!" आणि मालक? क्षणात लोणी! "मीच म्हटलं होतं दादांना, काहीतरी घरगुती करा." ऐका!

खुर्ची राहिली. जावयानं हळूच येऊन विचारलं, "काका, तो आवाज मला द्याल?" हे म्हणाले, "तुझ्या बायकोचा घे की." तर बिचारा म्हणतो, "ती हळू बोलते हो."

पुढे थोड्या दिवसांनी तो सेल गेलाच. मशीन चालू केलं तर पडद्यावर काही नाही, कोरं. हे अभ्रा हातात घेऊन बसले. तेव्हा मी खरंच गप्प होते, अगदी आतून. लेक म्हणाली, "बाबा, शीळ टॅबमध्ये आहे ना, मग झालं. आणि आईचा आवाज मी काढून टाकते, दोन मिनिटांचं काम." तर हे म्हणाले, "राहू दे. इतकी वर्षं शीळ घालतोय, पहिल्यांदा वरून उत्तर आलंय." टचकन पाणी आलं हो माझ्या डोळ्यांत. म्हटलं, जन्माचं सार्थक झालं.

पण सुख पचतंय का? परवा दुपारी ताटं वाढली, दारात येऊन हाक मारली, "अहो, जेवायला चला!" हे टॅब मांडीवर घेऊन बसलेले. टॅबमधल्या मला एकदा वाजवलं, माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. "उतरलीस गं. अर्धा सूर खाली आहेस. तेव्हा कशी चोख लागली होतीस! परत म्हण बघू."

मग? मी काही बोलले का? बोलले ना! तीनदा बोलले. तिसऱ्यांदा लागले, तेव्हा हे उठले... तोवर सगळं गार.