पेवातली मोजणी

ऐका. शेकोटीला सरकून बसा. आणि रंगनाथ, तू असा समोर ये. तुझं तोंड मला दिसलं पाहिजे.

आपलं बोरदरं आणि ओढ्यापलीकडचं पिंपळदरं. मधल्या माळावर दोन्ही गावांचं सामाईक पेव, जमिनीत खोल खणलेलं. तोंड अरुंद, पोट खोलीएवढं. चांगल्या सालात दोघांनी ज्वारी ओतायची, वाईट सालात काढायची. उघडायचं ते दोन्हीकडची पाच-पाच माणसं उभी करून. आणि उतरण्याआधी आत कंदील सोडायचा. कोंडलेल्या धान्याची वाफ जीव घेते. कंदील विझला, तर कुणी उतरायचं नाही.

मग पावसाचं डोकं फिरलं. मिरग कोरडा जायचा, आणि कणसं भरली की धो धो. दोन वर्षं ज्वारी उभ्यानं काळी पडली. घरातल्या कणग्यांचा तळ दिसला, तशी माणसांची नजर बदलली. पिंपळदऱ्याचे लोक रात्रीत पेव उपसणार, असं आपल्याकडे कुजबुजायचे. तिकडे आपल्याविषयी तेच! ओढ्यावर दोन डोकी फुटली. येसबाची अक्का पिंपळदऱ्यात दिलेली, तिचं माहेरी येणं बंद झालं.

हा येसबा आपल्याच गावचा, बरं का. घरी दोन लेकरं, अंबाडीच्या पाल्यावर दिवस काढणारी. एका अवसेला दिवेलागण झाली आणि हा निघाला. खांद्यावर पोतं, हातात दोर. कंदील घेतला नाही. का? उजेड पिंपळदऱ्याला दिसला असता ना! इथंच चुकला बघा. भुकेनं नाही चुकला, भीतीनं चुकला.

माळावर चालतोय, चालतोय. हिवराचं झाड आलं. पुढं गेला. परत हिवर. परत पुढं गेला. परत तोच हिवर, तीच मोडकी फांदी! चकवा लागला होता. शहाणा असता तर तिथंच खाली बसला असता. पण याच्या मनात एकच, आपल्या आधी कुणी पोचलं तर? आणि पळत सुटला.

पेव समोर आलं. तोंडावरचा दगड बाजूला सारलेला. आतून आवाज येतोय. कुणीतरी पायलीनं ज्वारी मोजतंय. 'लाभ... दोन... तीन...' आपण पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो, अगदी तसंच. येसबाला वाटलं, आलेच हे पिंपळदऱ्याचे. दगडाला दोर बांधला आणि रागारागानं उतरला.

आत कुणी नाही. नुसता काळोख. मोजणी मात्र चालूच, आता त्याच्या पाठीमागून. यानं घाईनं पोतं भरायला घेतलं. ओंजळीवर ओंजळ टाकतोय, पोतं रिकामंच! मोजणी सातापर्यंत जायची, परत लाभ. परत लाभ. श्वास पुरेना. नको ते पोतं म्हणून त्यानं दोराला हात घातला, तर दोर सरसर वर निघून गेला. आणि पायाखालचा थर फुटला. येसबा कमरेपर्यंत आत! खाली ज्वारी नव्हतीच हो. अवकाळीचं पाणी झिरपून सगळा चिखल झाला होता, कुजका, ऊन ऊन.

मोजणी थांबली. कानाशी कुणीतरी विचारलं, "कुठल्या गावचा?"

येसबानं ओळखलं. भिवा मापाडी! याच्या आज्याच्या वेळच्या दुष्काळात भिवा मोजायला आत उतरलेला, आणि वर दोन्ही गावांची मारामारी जुंपली. त्यात दगड तोंडावर बसला. बोरदऱ्याला वाटलं पिंपळदरं काढील, पिंपळदऱ्याला वाटलं बोरदरं काढील. कुणीच काढला नाही.

"बोरदऱ्याचा," येसबा कसाबसा म्हणाला.

"मग मार हाक बोरदऱ्याला."

त्यानं मारली. आपलं गाव लांब, वारा उलटा. कोण ऐकणार? छातीपर्यंत बुडाला. जवळ होतं ते पिंपळदरं. पण तिकडं हाक मारायची म्हणजे आपल्या तोंडानं चोर व्हायचं. गळ्यापर्यंत बुडाला. डोकं गरगरायला लागलं. लेकरं आठवली आणि त्याला रडू फुटलं.

मग तो ओरडला, "शिदरामदाजी! मी येसबा. चोरी कराया आलो व्हतो. पेवात बुडतोय. मला काढा!"

लगेच पावलं वाजली. लगेच! अक्काचा नवरा नुकताच येऊन वीस पावलांवर उभा होता. त्याच्याही खांद्यावर पोतं होतं, हातात दोर होता, आणि कंदील त्यानंही आणला नव्हता. हाक आली नसती, तर तोही तसाच आत उतरला असता. त्यानं काडी ओढून फडकं पेटवलं आणि आत सोडलं. ते अर्ध्यातच विझलं. म्हणून उतरला नाही, दोर टाकला.

"काखेत घाल, येसबा. म्या सोडत न्हाई."

ओढला. वर आल्यावर दोघं त्या दगडाशी बसून पोरांसारखे रडले.

दुसऱ्या दिवशी पाच-पाच माणसं आली. पेव दोन दिवस उघडं ठेवलं, कंदील जळत राहिला तेव्हा उतरले. कडेकडेची ज्वारी बरी निघाली, तेवढी वर काढून मोजायला बसले. पिंपळदऱ्याच्या म्हाताऱ्यानं पहिली पायली ओतली, म्हणाला, लाभ. दुसरी अजून भरायची होती. आणि खालून, रिकाम्या पेवातून आवाज आला.

'दोन.'

त्या दिवशी कुणी भांडलं नाही. वाटण्या झाल्या, आणि अक्का लेकरं घेऊन माहेरी आली.

तेव्हा अंधारात माळाच्या त्या वाटेला जाऊ नका. औंदाही पाऊस चुकलाय, पोटं माझ्याही घरात आहेत. पण जाऊ नका. भिवा अजून मोजतोय.

आणि रंगनाथ, खाली काय बघतोस? तुझ्या ओट्यावर वाखाचा नवा दोर वळून ठेवलेला मी सकाळीच पाहिला. शेजारी कंदील मात्र दिसला नाही.