राखीव शेगडी

अवनी : रांगेत अकरा माणसं, दोन शेगड्या, तीन चिमटे. आणि एका शेगडीवर काहीच नाही. दादा, ती रिकामी का जळतेय?

सलिल : ती बाबांची आहे. आज तिला चिकन लागू दिलेलं नाही. चिमटाही वेगळा, बघ, हिरवी चिंधी बांधलीये त्याला. बाबा, बसा ना. पनीर चढवतो.

बाबा : बसतो. डबा कुठे ठेवू?

सलिल : कसला डबा?

बाबा : पोळीभाजीचा.

सलिल : माझ्या बार्बेक्यूच्या ट्रेलरवर तुम्ही डबा घेऊन जेवायला आलात?

बाबा : जेवायला येतो असं मी म्हणालो नव्हतो. बघायला येतो म्हणालो होतो.

सलिल : दुपारी एक वाजता?

बाबा : बंद असताना येऊन काय बघायचं?

अवनी : बाबा, दोन तुकडे खा. शेगडी वेगळी, चिमटा वेगळा. आता हरकत कशाची?

बाबा : धूर एकच आहे.

सलिल : ऐकलंस? धूर. माझ्या जुन्या कंपनीच्या कँटीनमध्ये पोटभर जेवला होतात, बाबा. चिकन तिथेही शिजत होतं, तिथे धूर विचारला नाहीत.

बाबा : तिथे दिसत नव्हता.

सलिल : तिथे माझ्या गळ्यातलं कार्ड दिसत होतं. पेठेत अजून सांगता ना, सलिल कंपनीत आहे म्हणून? आई बोलली मला.

बाबा : कोणी विचारलं तरच. आपणहून सांगत नाही.

अवनी : दादा, रांगेतले दोघे निघून गेले. त्यांचा लंच ब्रेक संपत आलाय.

सलिल : जाऊ देत.

(रांगेतला एक तरुण पुढे येतो.)

योगेश : सर? आपण गोपाळकृष्ण सर ना? मी योगेश. दहावीला तुम्ही आम्हाला विज्ञान शिकवायचात. सर, तुम्ही आणि बार्बेक्यू?

बाबा : मुलीनं आणलं. ही अवनी, इथे जवळच लॅबमध्ये असते.

योगेश : आणि मुलगा आयटीत होता ना तुमचा? आता कुठे असतो?

बाबा : आहे इकडेच. चाललंय त्याचं.

सलिल : अवनी, हिरवा चिमटा दे.

अवनी : पनीरला?

सलिल : चिकनला. पलीकडचे अर्धवट झालेले लेग पीस इकडे टाकतो. शेगडी मोकळी झाली.

अवनी : दादा, थोडं थांब ना.

सलिल : थांबलोच होतो. सकाळपासून एक शेगडी अडवून थांबलो होतो.

योगेश : भाऊ, माझं जरा पटकन करा ना. मीटिंग आहे.

सलिल : झालंच. ही घ्या प्लेट.

बाबा : झालेलं नाही.

सलिल : तुम्ही डबा खा तुमचा.

बाबा : वरून काळं पडलं म्हणजे आतून शिजलं असं होत नाही. मोठ्या आचेवर घाई केलीस. कच्चं जाईल त्याच्या पोटात. सलिल, प्लेट खाली ठेव.

योगेश : सर, तुम्ही ओळखता यांना?

बाबा : मुलगा आहे माझा.

योगेश : म्हणजे हा ट्रेलर…

बाबा : त्याचा आहे. पहिल्यापासून घाई. शाळेत विज्ञानातलं गणित बरोबर सोडवायचा आणि उत्तराला एकक लिहायचं विसरायचा. अर्धा मार्क मीच कापायचो. तू थांब जरा, मीटिंग कुठे जात नाही.

योगेश : थांबतो सर.

अवनी : दादा, थर्मामीटर घे. आत चौऱ्याहत्तर लागतात.

सलिल : माहितीये मला. अडुसष्ट आहे.

बाबा : मग परत ठेव. आणि निखारे पसरव, ढीग नको.

सलिल : डबा सरकवा जरा. प्लेट ठेवायला जागा नाही.

बाबा : सरकवला. किती झालं?

सलिल : एकाहत्तर.

बाबा : उलटव. दुसऱ्या बाजूनं, हाडाला न टेकवता बघ. आता?

सलिल : चौऱ्याहत्तर अंश सेल्सिअस.